याहून लहान मिळेल का?

ऑनलाइन धंदा नव्याने सुरू करणाऱ्या बायका मला अधूनमधून मेसेज करतात. ताई, सुरुवातीला कोणत्या चुका टाळायच्या? मी हौसेने सांगते, कारण त्या सगळ्या मी स्वतः करून बसले आहे. नातेवाइकांना पहिलं गिऱ्हाईक समजू नका. त्यांना वस्तू नको असते, कौतुक केल्याचं समाधान हवं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसातून तीनदा फोटो टाकू नका. आमच्या सेक्रेटरींनी मला एकदा 'आपला माल उत्तमच आहे, आता पाण्याचा टँकर कधी येणार तेही दिसू द्या' असं लिहून गप्प केलं होतं. 'सर्व काही शिवून मिळेल' असं तर मुळीच लिहू नका, लोक खरंच सर्व काही घेऊन येतात. मी बाळांची झबली-टोपडी शिवते, आणि त्या एका ओळीपायी मी एका गृहस्थांच्या स्कूटरचं कव्हर शिवलेलं आहे.

जाहिरातीचं बटण दाबण्याआधी ती कोणाला दिसणार ते निवडायचं असतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर माझी झबली शहरातल्या हॉस्टेलमधल्या पोरांना दिसत राहिली. ती एकमेकांची नावं टाकून 'भावा, तुझ्या मापाचं आलंय बघ' असं लिहीत होती. मी ते नवऱ्याला दाखवलं तर तोही हसला.

एवढं सांगून झालं की बायका 'थँक्यू ताई' म्हणतात. पण ज्या चुकीतून मी अजून बाहेर पडलेले नाही, ती मी त्यांना सांगत नाही.

मी मूळची पुण्याची नाही. लग्न होऊन वऱ्हाडातून धायरीत आले त्याला बारा वर्षं झाली. आल्या आल्या इथल्या माणसांच्या बोलण्याने मला रडूच यायचं. दुकानात 'ताजं आहे का?' विचारलं की 'नाही, खास तुमच्यासाठी शिळं ठेवलंय' असं उत्तर मिळायचं. मी पिशवी तिथेच ठेवून घरी यायचे. मग हळूहळू कळलं की यात राग नसतो, ही इथली बोलण्याची पद्धत आहे. पुढे मलाही ती जमायला लागली. जमली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. आता आपण इथल्या झालो, असं वाटलं होतं.

धंद्यात मात्र मी गोडच बोलायचे. 'तुमच्या लाडक्या बाळासाठी मऊ मऊ झबली' असं लिहून फोटो टाकायचे, आणि त्यावर माझी नणंद तेवढा लाइकचा एक अंगठा टाकायची. वर्ष असंच गेलं. मग एके दिवशी एक बाई विचारायला लागल्या, कापड खरंच सुती आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी जवळून फोटो काढून पाठवला. त्या म्हणाल्या, फोटोत कळत नाही. पाचव्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं, "नाही, पत्र्याचं आहे. बाळ गंजू नये म्हणून रोज तेल लावा."

संध्याकाळपर्यंत ते उत्तर कुठल्या कुठे पोहोचलं होतं. ज्या बाईंना लिहिलं, त्यांनी स्वतः हसून तीन झबली मागवली. नवरा कामावरून आला तो फोन नाचवतच. "अगं, हेच! हेच पाहिजे लोकांना. तू तुझ्या आवाजात बोल, मी रेकॉर्ड करतो."

तेव्हापासून मी 'काकू' झाले. रीलमध्ये माझा चेहरा दिसत नाही. फक्त मशीन, कापड, हात आणि आवाज. माझं वय छत्तीस आहे, पण आवाजातल्या काकू साठीच्या वाटतात. त्या कोणालाच सोडत नाहीत. रंग कोणता घेऊ विचारणाऱ्याला त्या म्हणतात, "बाळाला अजून रंग कळत नाहीत, तुम्हाला कधी कळणार ते सांगा." लोक खूश होते. मागण्याही येत होत्या, नाही असं नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात बाळच नाही. त्यांना झबलं नकोच होतं. काकूंनी आपल्याला खडसावलं, याचा फोटो काढून स्टेटसला लावायचा होता. 'काकू, मला पण बोला ना' असं लिहून कॉलेजच्या मुली वाट बघत बसायच्या.

एकदा मी दमलेली होते. एकीने विचारलं, दुपटं मिळेल का. मी साधं लिहिलं, "हो, मिळेल. कधी हवंय?" तर त्याखाली लोकांनी लिहिलं, काकूंना बरं नाही का? कोणीतरी लिहिलं, अकाउंट हॅक झालंय वाटतं. मी ते वाचून आधी हसले आणि नंतर मला खरंच भीती वाटली. मी शिवणकाम विकायला बसले होते. विकलं जात होतं ते माझं तोंड, आणि त्याला सुट्टी नव्हती. सकाळी दूध तापवताना मला आज कोणाला काय टोचायचं याचा विचार करावा लागायचा. गेल्या आठवड्याचं बोलणं या आठवड्यात पुरायचं नाही, लोकांना त्याहून तिखट हवं असायचं. नवरा जेवताना विचारायचा, "आज काय टाकायचं?" आणि माझा घास तोंडातच फिरायचा.

हे बंद करू, असं मी त्याला दोनतीनदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "बंद करून काय करणार? पुन्हा तुझ्या नणंदेचा अंगठा?" गोड बोलून वर्षभरात जेवढी झबली गेली नव्हती, तेवढी काकूंनी महिन्यात घालवली होती. स्वतःच्या नावावर म्हणावं असं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

गावाकडे माझी आई हे सगळं फोनवर बघते. शिवण तिनेच मला शिकवलं. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, "कावं, तू अशी काऊन बोलून राहिली? कोनी काही म्हटलं का तुले?" मी म्हटलं, अगं आई, ती गंमत असते, इथे लोकांना आवडतं. ती म्हणाली, "गंमत असन. पण मले तो तुहा आवाज नाही वाटत." फोन ठेवल्यावर मी मशीनशी बसून रडले. नंतर डोळे पुसून त्या दिवसाचं रील केलं, कारण ते करणं भागच होतं.

असं चाललेलं असताना मी एक फोटो टाकला. आमच्याकडच्या सगळ्यात लहान मापाचं झबलं, पांढऱ्या मलमलचं, माझ्या तळहातावर पसरलेलं. खाली एक प्रश्न आला. 'याहून लहान मिळेल का?'

मी एका हाताने शिवत होते. दुसऱ्या हाताने उत्तर लिहिलं. त्याला पाव मिनिटसुद्धा लागलं नसेल. "याहून लहान हवं असेल तर बाहुल्यांच्या दुकानात विचारा. आम्ही माणसांच्या मुलांचं शिवतो."

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. काकू, एक नंबर. काकू, आज फॉर्मात. नवऱ्याने कामावरून फोन करून शाबासकी दिली. मी खूश झाले होते, हे लपवून काय उपयोग. त्या दिवशी स्वयंपाक करतानाही ते वाक्य मनात घोळवून मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रांगेतच प्रश्न विचारणारीचं उत्तर सापडलं. 'बाळ सातव्या महिन्यात झालंय. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणाल्या, थोड्या दिवसांनी कपडे घालता येतील. म्हणून विचारलं.' त्याच्याखालीही कोणीतरी न वाचताच हसणारं तोंड टाकलेलं होतं.

मी फोन नवऱ्यापुढे धरला. नवरा म्हणाला, "तुझं उत्तर डिलीट कर, संपला विषय." मी डिलीट केलं. पण मग तिचं 'म्हणून विचारलं' तिथे एकटंच उरलं, कोणी काही न बोलता स्वतःहून खुलासा देत असल्यासारखं. ते मला जास्तच लागलं. मी तिला वेगळा मेसेज केला. माफ करा, असं चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, 'माप सांगा. शिवून देते.' तासाभराने उत्तर आलं, 'पाठ माझ्या पंजाएवढी आहे. नळ्या लावल्यात, डोक्यावरून घालता येणार नाही.'

मी मलमल चार वेळा धुतली. झबलं पुढून पूर्ण उघडं ठेवलं, बटणांऐवजी नाड्या लावल्या, आणि टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. इतक्या लहान बाहीत माझं बोट जाईना. ती मशीनवर होण्यासारखी नव्हती. तेवढी हाताने शिवली. अशी दोन झबली केली. त्या दोन दिवसांत मी एकही रील टाकलं नाही. काकू कुठे गेल्या म्हणून विचारणा सुरू झाली, पण मी फोन पालथा घालून ठेवला. मनाशी ठरवलं होतं, ही झबली तिच्या हातात द्यायची, समोर उभं राहून माफी मागायची, आणि घरी येऊन पेज कायमचं बंद करायचं. काय व्हायचं ते होवो.

हॉस्पिटलचा पत्ता तिने कळवला होता. धायरीहून बसने स्वारगेटला उतरले आणि तिथून रिक्षाने बिबवेवाडीत. हॉस्पिटलच्या दारात वॉचमन आत सोडेना, म्हणून मी तिला मेसेज केला. ती स्वतःच खाली आली. गाऊनवर शाल, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, आणि भिंतीला हात लावत टाकलेली पावलं. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. आम्ही पार्किंगच्या कडेला बाकावर बसलो. तिने झबलं पिशवीतून काढलं, तळहातावर पसरलं आणि ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

मी सुरुवात केली. मी तशी नाही, मला खरंच माहीत नव्हतं, तुम्हाला किती लागलं असेल, असं काय काय बोलले. माझा आवाज माझ्याही नकळत अगदी खाली गेला होता. तिने मला मध्येच थांबवलं.

"लागलं. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण तुम्ही आता असं बोलू नका हो."

"कसं?"

"असं, हळू. इथे सगळे माझ्याशी हळूच बोलतात. सासूबाई, नर्स, माझी आई. नवरासुद्धा. मी खोलीत गेले की गप्प होतात. बाळाचं कोणी काही विचारतच नाही, जणू ते..." ती झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी गरोदर असताना तुमचं रोज बघायचे. सगळ्यांना कसं बोलता तुम्ही. मला पण बोला ना एकदा. नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं."

ज्या आवाजातून सुटायला मी एवढ्या लांब आले होते, तोच ती माझ्याकडे मागत होती. शंभर टोमणे मारलेल्या बाईला एक सुचेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"हे बघा," मी काकूंच्या आवाजात म्हटलं, "नाड्या दिल्यात त्या बांधायला दिल्यात. बोटाला गुंडाळून त्यांची सुतळी करू नका."

तिने पटकन बोट सोडवलं. ओठ हलले.

"आणि एक आताच सांगून ठेवते. महिन्याभरात हे झबलं तोकडं होणार. तेव्हा माप चुकलं म्हणून तक्रार घेऊन यायचं नाही. बदलून मिळणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा आधी वाकडा झाला आणि त्यातूनच ती हसली, मोठ्याने, टाके दुखतील म्हणून पोटाला हात धरून. वॉचमनने वळून पाहिलं.

"तोकडं झालं तर येणार," ती म्हणाली. "येऊन भांडणार तुमच्याशी. पेजवर, सगळ्यांसमोर."

"या," मी म्हटलं. "बघू कोण जिंकतं."

ती झबली घेऊन वर गेली. मी घरी आले आणि त्याच दिवशी रील टाकलं.

त्याला आता अडीच महिने होत आले. तिचा मेसेज आलेला नाही. मी विचारू शकत नाही. विचारायचं म्हटलं तर काय विचारणार? सकाळी उठल्या उठल्या आधी मेसेज बघते. रंगाच्या तक्रारी येतात, पार्सल उशिरा मिळाल्याच्या येतात. माप लहान पडल्याचीही एक आली होती, घाईघाईने उघडली, ती दुसऱ्याच कोणाची होती. काकू सगळ्यांना फटकारत असतात. पेज बंद करायचं मी अजूनही जवळजवळ रोज ठरवते. पण बंद केलं, तर ती भांडायला येणार कुठे?