मामांनी देवाला सोडलेलं मटण

मामांनी मटण सोडलं आणि तिथूनच त्यांची तब्येत ढासळत गेली.

वाक्य विचित्र वाटेल. मी कऱ्हाडात जीवशास्त्र शिकवतो, क्रमाने सांगतो.

माझे उत्तममामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन पाटणजवळच्या आमच्या आजोळी राहत होते. किडन्या हळूहळू निकामी होत आहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी ग्रामदैवतापुढे नारळ ठेवला आणि मटण कायमचं सोडलं.

डायलिसिस लागू नये, एवढंच मागणं.

यात्रेत अख्खं गाव रस्सा ओरपायचं. मामा भात-आमटी खायचे.

आणि रविवारी आर्मी कॅन्टीनचे सॉसेज तळायचे.

"मामा, हे काय?"

"ह्ये मटान न्हाई रं मास्तर. चिकनचं सॉसेज हाय. सायबांच्या मेसमधलं खाणं."

आतून मामी म्हणाल्या, "देवाला इंग्रजी येत न्हाई, बरं हाय तुमाला!"

आम्ही सगळेच हसलो.

मग मी समजावलं. सॉसेज टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ आणि फॉस्फेट घालतात. मिठाने अंगात पाणी साचतं, बीपी वाढतं. हे फॉस्फेट ताज्या मटणातल्यापेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरतं, आणि थकलेल्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या आतून कडक होत जातात.

"म्हंजे बंदुकीच्या नळीत गंज चढल्यागत?"

"अगदी तसंच, मामा!"

इतका हुशार विद्यार्थी मला वर्गात क्वचितच मिळाला आहे.

"लय झ्याक सांगतूस," म्हणाले, आणि दुसरं सॉसेज उचललं.

घरी शिजवलेलं, कमी मिठाचं, मोजकं ताजं मटण कधीतरी चालेल, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी ते सुचवून पाहिलं.

"देवाला दिल्यालं माघारी घ्यायचं? फौजी हाय मी."

"मग सॉसेजही सोडा."

मामांनी ताटलीतलं सॉसेज बोटानं जरा बाजूला सरकवलं.

"समदंच सोडल्यावर मागं काय उरतं रं?"



सगळा दोष सॉसेजचा नव्हता. बीपी जुनंच होतं. पण पाय सुजले, धाप लागू लागली आणि शेवटी कऱ्हाडात डायलिसिस सुरू झालं.

मशीनच्या नळ्यांतून फिरणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं,

"मास्तर, देवानं सॉसेज बी मटनातच धरलं आसंल का रं?"

मीठ, फॉस्फेट, रक्तवाहिन्या. सगळं त्यांना समजलं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही हो मामा. देव असा हिशेब धरत नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. तसेच गेले.

आज वर्षश्राद्ध. मामींनी केळीच्या पानावर भात वाढला, आमटी वाढली, कडेला एक सॉसेज ठेवलं.

कुणीतरी मटणाची वाटी पुढे केली. मामींनी ती बाजूला सारली.

"सोडल्यालं हाय त्यांनी."

मामा, तुमच्या मास्तरचा शेवटचा रामराम.