हजेरीच्या सहीवर फेटाळलेला अर्ज

नोंद आधी. १४ मार्च २०२३, मंगळवार. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या निवृत्तिवेतन निधीवरील पाच विश्वस्तांनी, चहाचे कप रिकामे होण्याच्या आत, एका बाईचा अर्ज फेटाळला. कारण दिले नाही. त्या पाचांपैकी चौघे व्यवस्थापनाने नेमलेले होते. पाचवा कामगारांनी निवडून दिलेला. त्याला सारा कारखाना मिस्त्री म्हणत असे.

मिस्त्री साचे दुरुस्त करी. केसाएवढी चीर दिसली तरी साचा परत पाठवणारा हा माणूस कागदापुढे मात्र लाजाळू होता. गेली सात वर्षे तो सभेला जाई, दारातच पुढे येणाऱ्या कागदावर हजेरीची सही करी आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसून राही.

अर्ज होता भट्टीवर राबून वारलेल्या एका अविवाहित कामगाराच्या थोरल्या बहिणीचा. भावाची फुप्फुसे निकामी झाली तेव्हा तिने शिवणकामाची नोकरी सोडली आणि चार वर्षे त्याचे सगळे केले. मृताच्या पाठीमागे त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीला, विश्वस्तांनी चौकशी करून, निवृत्तिवेतन द्यावे असा निधीचा नियम आहे. ती चौकशी झाली असती तर या बाईला म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले नसते.

नकाराचे पत्र, मागे टाचलेल्या सह्यांच्या कागदासह, घेऊन ती मिस्त्रीच्या घरी आली.

"मिस्त्रीभाऊ, यावर तुमची सही आहे."

"ताई, देवाशपथ सांगतो, तुमचा विषय त्या दिवशी निघालाच नाही."

"निघाला नाही, मग फेटाळला कुणी? भुतानं?"

मिस्त्रीच्या बायकोने पत्र उजेडाकडे धरले. "अहो, तुमचीच आहे की! असं शेपूट ओढून दुसरं कोण सही करतं?"

दुसऱ्या दिवशी तो निधीच्या चिटणिसांपुढे जाऊन उभा राहिला. चिटणीस मुळीच ओशाळले नाहीत. हजेरीचा कागद सभेनंतर ठरावांच्या यादीमागे टाचला जातो, हे त्यांनी शाळेत पाढे शिकवावेत तसे समजावून सांगितले.

"हजर म्हणजे मान्य. सात वर्षं असंच चाललंय, मिस्त्री. सोळा विषय असतात. प्रत्येकावर काथ्याकूट करायचा म्हटला तर दिवस पुरेल का?"

"आणि ताईंचे कागद?"

"कपाटात आहेत. अगदी सुरक्षित."

मिस्त्रीने निधींवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. चौथ्या खेपेस एक अधिकारी बाई भेटल्या. समोरच्या फायलींमागे त्यांचा चेहराही धड दिसत नव्हता.

"निर्णय बरोबर की चूक, ते आम्ही बघत नाही. विश्वस्तांनी विचार करून ठरवलं का, एवढंच बघतो. इथं पाच सह्या आहेत."

"विचार केलाच नाही आम्ही."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "हे लिहून द्याल? दिलंत तर तुम्हीही कर्तव्यात चुकलात, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

घरी त्याने बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "विकतचं दुखणं आहे हे. पण लिहायचंच असेल तर सगळं लिहा. अर्धवट लिहून ताईंना आणखी लोंबकळत ठेवू नका."

मिस्त्रीने लिहिले की सात वर्षांत एकही ठराव आपण वाचला नाही, एकाही अर्जदाराचा कागद पाहिला नाही आणि विचारण्याची हिंमतही केली नाही. दीड पान लिहायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या.

कार्यालयाने निर्णय रद्द करून अर्ज फेरविचारासाठी विश्वस्त मंडळाकडे परत पाठवला. मंडळाने फेरविचार लांबणीवर टाकला आणि मिस्त्रीला मात्र विश्वस्तपदावरून तातडीने काढले. कारण? कर्तव्यात कसूर. या मंडळाने सात वर्षांत लेखी दिलेले हे पहिले कारण, आणि दुर्दैवाने तेही खरे.

फाटकावर कुणीतरी म्हणाले, "साचे घडवणारे पाहिले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा मिस्त्री पहिल्यांदाच पाहिला."

"पाडला खरा," तो म्हणाला, "पण माझ्या जागी आता कोण उभं राहतंय?"

निवडणुकीची सूचना लागून बारा दिवस झाले. एकही अर्ज आलेला नाही. कुणीच पुढे आले नाही तर पाचवी जागाही मंडळच भरणार, आणि ताईंचा अर्ज त्यांच्याच पुढे जाणार.

वाचकहो, तुमच्यापैकी जे या निधीचे सभासद आहेत, त्यांनी शुक्रवारच्या आत उमेदवारीचा अर्ज भरावा. जो निवडून येईल त्याने ताईंचे कागद टेबलावर मागवावेत, ते वाचावेत आणि निर्णयाचे कारण लिहून घेतल्याखेरीज सही करू नये.