एकसष्टीचं थेट प्रक्षेपण

अपमान विसरणारी माणसं थोर होतात आणि न विसरणारी इतिहास घडवतात. मी दुसऱ्या प्रकारातला. इतिहास घडवायला माझ्या हाती आमच्या पतसंस्थेचा राउटर होता.

मुख्य कार्यालय जळगाव जामोदला, शाखा अकरा, पार धामणगाव बढ्यापर्यंत. प्रत्येक शाखा व्हीपीएनच्या बोगद्यातून आमच्या सर्व्हरला जोडलेली. मी स्प्लिट टनेलिंग करून ठेवलं होतं. म्हणजे खातेदारांचं काम तेवढं बोगद्यातून, बाकी यूट्यूब, बातम्या वगैरे शाखेच्या स्वतःच्या लाइनवरून परस्पर बाहेर. आमच्या लाइनवर त्याचा भार येत नसे.

हे कुणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं. भर सभेत त्यांनी मला उभं केलं.

"म्हणजे शाखेतून काई चीज मले न विचारता परस्पर बाहेर जाते?"

"बिनमहत्त्वाचं तेवढंच, साहेब."

"महत्त्वाचं काय थे मी ठरवीन. उद्यापासून समदं इथूनच गेलं पायजे."

"सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावला तर लाइन तुंबेल."

"तू वायरी जोडणारा माणूस हायेस, वायरी जोड. संस्था कशी चालवाची थे मले शिकवू नको."

आधी व्यवस्थापक हसले, मग ज्येष्ठतेनुसार बाकीचे.

मी आदेश लेखी मागून घेतला आणि त्याच दिवशी स्प्लिट टनेलिंग काढून टाकलं. अध्यक्षांचा कुठलाही आदेश आजवर इतक्या मनापासून कुणी पाळला नसेल.

दोन महिन्यांनी त्यांची एकसष्टी आली. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पेढेतुला. सोहळा यूट्यूबवर थेट, सगळ्या शाखांनी तो पाहायचा, पाहतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मला हवं होतं ते आयतं चालून आलं. मुख्य कार्यालयाच्या सभागृहातलं चित्र आमच्या लाइनवरून बाहेर जाणार, अकरा शाखांसाठी त्याच लाइनवरून अकरा वेळा फिरणार आणि लाइन तुंबणार. अध्यक्ष एक पाय पारड्यात ठेवून स्क्रीनवर गोठलेले मला रोज जेवताना दिसत.

दोन दिवस आधी व्यवस्थापक आले.

"काहो भाऊ, सोहळ्यापुरतं थे पयल्यासारखं करता येते काय?"

"येते ना. अध्यक्षांच्या सहीचं पत्र आणा."

"आता त्याहीले कोन सांगन, तुमचा आदेश चुकला म्हणून?"

"तुम्ही सांगा. मी वायरी जोडणारा माणूस."

ते हसले नाहीत. पत्रही आलं नाही.

सोहळ्याच्या सकाळी मी माझ्या टेबलावर चहा घेऊन बसलो आणि प्रक्षेपण लावलं. मानपत्रात अध्यक्ष महामेरू झाले. चित्र चाललं होतं. ग्रुपवर फोटो येऊ लागले, प्रत्येक शाखा स्क्रीनपुढे हात जोडून उभी. चित्र चाललंच होतं. अध्यक्ष दोन्ही पायांनिशी पारड्यात बसले, तेव्हा त्यांच्या मिशीतला केस न् केस मोजता येत होता.

मी धामणगाव बढ्याच्या शाखेला फोन लावला. "चित्र अटकून राह्यलं काय?"

"कोनतं चित्र, भाऊ? आमी त निमंत्रणपत्रिका स्क्रीनवर लावली, फोटो काढला अन् कामाले लागलो. समद्याच शाखाइचं तसं ठरलं होतं."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. सोहळा संपेपर्यंत खालच्या कोपऱ्यात प्रेक्षकसंख्या एक होती. तो मी होतो.