बहाव्याच्या फुलांचं कार्ड

थोरल्या लेकीनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा मी नवऱ्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवून त्यांच्याकडून शप्पथ घेतली. तिच्याशी बोलायचं नाही. फोनवर नाही आणि समोर आली तरी नाही. मुलगा दुसऱ्या जातीचा होता. धाकटी लग्नाची होती, औरंगाबादला माझ्या भावाकडं राहून शिकत होती. थोरलीचं कळलं की धाकटीला कोण पत्करणार, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. त्यांनी शप्पथ घेतली, हात काढून घेतला आणि अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

ते हायस्कुलात चित्रकलेचे सर होते. सगळं केज गाव त्यांना सर म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले होते; पोरी तेवढ्या अण्णा म्हणायच्या. लॉकडाऊन लागला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. शुगर होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि आता रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. पण आमचं घर गावाच्या अगदी कडेला. मागच्या दारानं निघालं की दोन शेतं, मग एक नाला, आणि पुढं नुसता माळ. उजाडायच्या सुमाराला आम्ही दोघं तिकडं जायला लागलो.

तीस वर्षांच्या संसारात आम्ही बिनकामाचं असं कधी चाललो नव्हतो. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, कुठंतरी पोचायचं म्हणूनच चालणं. सुरुवातीला मला लाजच वाटायची. ते आपले पुढं, मी चार पावलं मागं. मग एक दिवस ते थांबले आणि म्हणाले, "अगं, इथं कोण बघतंय? बरोबर चल की."

कडुनिंबाला मोहर आला होता. त्याचा बारीक कडसर वास सगळ्या माळावर भरून राहिलेला. ते वाकून काहीबाही उचलायचे. घाणेरीचा झुबका, कुणाच्या कुंपणावरची गोकर्ण, पिंपळाचं जाळी झालेलं पान. घरी आणून जुन्या पेपरच्या घडीत ठेवायचे आणि वर माझा पाटा. मला चटणी वाटायची असली की आधी त्यांची परवानगी काढावी लागे.

शाळेतून आणलेले जाड कागद कपाटात पडून होते, त्यांची ते कार्डं करायला लागले. दुकानं बंद, डिंक मिळेना. मग बाभळीच्या खोडावरचा डिंक खरडून आणला, वाटीत भिजत घातला. फूल चिमट्यानं उचलून, मागं डिंकाचा एवढासा ठिपका लावून, श्वास रोखून कागदावर ठेवायचे. शाळेत असताना पोरांवर ओरडून घसा बसलेला माणूस, घरी आला की गप्प पडायचा. तोच आता माझ्याशी तासभर बोलायचा, की कुठलं फूल दाबल्यावर काळं पडतं आणि कुठलं रंग धरतं.

एकदा नाल्यापाशी पोलिसानं अडवलं. काठी वर केली, आणि सरांना बघून खाली घेतली.

"सर तुमी? आवो, कावून फिरता? लई कडक हाय सध्या."

"फिरत न्हाई, फुलं वेचतोय," सर म्हणाले. "तू माझ्या वर्गात होतास ना? तुझा हत्ती कायम डुकरासारखा यायचा."

तो तोंडावरच्या रुमालाआडून हसला. "आजबी तसाच येतो, सर. पर साडेसातच्या आत घरी जावा. साहेब राउंडला येत्यात."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच्यासाठी कार्ड केलं. पळसाच्या शेंगेचा हत्ती, गवताच्या काडीची सोंड. मग नादच लागला. दूधवाल्याला, मेडिकलवाल्याला, गेवराईला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला. मी हसायचे. खरं सांगते, ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतं.

मे महिन्यात नाल्याच्या पलीकडचा बहावा फुलला. सगळं झाड पिवळं. सर खाली उभे राहिले आणि बराच वेळ हलेचनात. थोरली लहान असताना ह्या फुलांचे घोस कानांत अडकवून नाचायची. मला ते आठवलं, त्यांनाही आठवलं असणार.

चार दिवसांनी त्यांनी एक कार्ड माझ्यापुढं ठेवलं. बहाव्याचा लहानसा घोस वरून खाली लोंबता लावलेला, पाकळ्या सुकून पातळ झालेल्या, पण रंग तसाच. आत काही लिहिलेलं नव्हतं. पाकिटावर पुण्याचा पत्ता होता. तिकडं नोकरीला असलेल्या एका विद्यार्थ्याकडून त्यांनी तो मिळवला होता.

मी म्हटलं, "शप्पथ घेतलीय तुमी."

"बोलायचं न्हाई अशी घेतलीय," ते म्हणाले. "लिहायचं न्हाई असं तू कुठं म्हणलीस? आन् मी लिहिलंबी न्हाई. नुसतं फूल चिकटवलंय."

मी उठून चुलीपाशी गेले. ते मागून आले. "बाजाराला तूच जातीस. पोस्टात टाक. माझ्यासाठी टाक." तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

सकाळी दोन तास बाजार उघडायचा. त्यांना शुगर म्हणून मी त्यांना गर्दीत जाऊ देत नव्हते. दुसऱ्या दिवशी पाकीट पिशवीत घालून मी निघाले. भाजी घेतली, पोस्टाकडं वळले. टपालपेटीसमोर उभी होते, पाकीट हातात होतं. तेवढ्यात माझ्या चुलत जाऊबाईंनी हाक मारली. मी पाकीट मेथीच्या जुडीखाली सारलं.

त्या जवळ आल्या. म्हणाल्या, "धाकटीसाठी एक स्थळ हाय. चांगले लोक हायेत, नोकरीवाला पोरगा. त्यांनी एकच इचारलं, थोरलीचं येणं-जाणं न्हाई ना तुमच्याकडं?"

"न्हाई," मी म्हणाले. "काहीच संबंध न्हाई."

त्या गेल्या. पेटी तिथंच होती, माझ्यापासून दोन हातांवर. मी मनाशी म्हटलं, एवढं जमू दे, मग टाकू. कार्डच तर आहे, कुठं पळून जातंय. आणि मी घरी आले.

सर दारातच होते. "टाकलंस?"

"टाकलं."

ते पाकीट मी घरातल्या पत्र्याच्या पेटीत, ठेवणीतल्या लुगड्यांच्या खाली ठेवलं.

पुढचे दिवस ते वाट बघत राहिले. बोलून दाखवायचे नाहीत, पण पोस्टमनच्या सायकलची घंटी कुठंही वाजली की मान वर. दहा-बारा दिवसांनी मला म्हणाले, "पुण्याला लई गडबड हाय म्हणतेत. टपाल अडकलं असंल." मी म्हटलं, "असंल की. सगळंच बंद हाय."

मग एके दिवशी पोस्टमन खरंच आमच्या दारात थांबला. सर पायात चप्पल न घालता उन्हात गेले. पत्र गेवराईच्या सहकाऱ्याचं होतं. तुमचं कार्ड मिळालं, बायकोनं देव्हाऱ्याशेजारी लावलंय, असं काहीबाही. सरांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर घडी घातली आणि हळूच म्हणाले, "म्हणजे टपाल चालू हाय."

मी परातीत कणीक मळत होते. तेव्हा सांगता आलं असतं. पाच पावलांवर ती लुगड्यांची पेटी होती. मी कणीक मळत राहिले.

त्यानंतर त्यांनी कार्ड केलं नाही. फिरायला यायचे, पण वाकायचे नाहीत. पाऊस पडून माळ हिरवा झाला, तरवडाला पिवळी फुलं आली, मी मुद्दाम एक तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते थोडा वेळ धरलं आणि पुढं जाऊन एका दगडावर ठेवून दिलं. "राग धरला आसंल तिनं," एवढंच म्हणाले. "धरू दे. तिचंबी बरोबर हाय."

आषाढात एका सकाळी माळावरच ते खाली बसले. छातीला हात लावला. मी हाका मारल्या. एक मेंढपाळ धावत आला, त्यानं आपलं घोंगडं अंथरून त्यांना आडवं केलं आणि शेतातून कुणाची तरी मोटारसायकल आणली. दोघांच्या मधे बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागून पळत होते. मी पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन उभे होते, आणि तो मेंढपाळ भिंतीकडं तोंड करून.

अंत्यविधीला मोजकी माणसं आली. भाऊ धाकटीला घेऊन कसाबसा पोचला. धाकटीनं मला न विचारता बहिणीला फोन केला. थोरलीला पास मिळून ती यायला तिसरा दिवस उजाडला. राख सावडून झाली होती. आणि पुण्याहून आलेली म्हणून गल्लीनं तिला घरात येऊ दिलं नाही. चौदा दिवस शाळेच्या एका खोलीत ठेवलं.

मी रोज डबा घेऊन जायचे. डबा फाटकाच्या आत ठेवायचा आणि मागं सरायचं, मग ती येऊन उचलणार. दोन वर्षांनी मी तिला बघत होते, तेही मास्क लावलेली. पहिल्या दिवशी तिनं डबा उचलला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या गजाला धरून तिनं विचारलं, "आई, अण्णांनी माझं नाव काढलं का गं कधी?"

"रोज," मी म्हणाले.

"मग एक फोन का न्हाई केला?"

मी म्हणाले, "डबा गार होईल, खाऊन घे." चौदा दिवस मी त्या फाटकापर्यंत गेले आणि आले. पाकीट घरी पेटीत होतं.

जाऊबाईंनी आणलेलं ते स्थळ आपोआपच मोडलं. त्या लोकांनी दुसरीकडं सोयरीक केली. पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न दुसऱ्या एका घरात ठरलं. पाहुण्यांनी थोरलीबद्दल विचारलं तेव्हा धाकटीनंच सरळ सांगितलं, आणि नवऱ्या मुलाची आई म्हणाली, "मग तिला बोलवा की लग्नाला. सख्खी बहीण हाय." थोरली नवऱ्याला घेऊन आली. जावयानं पंगतीत वाढलं. कुणी काही म्हणालं नाही. ज्याला मी एवढी भ्याले, ते कधी झालंच नाही.

वऱ्हाड गेल्यावर मी थोरलीला आतल्या खोलीत नेलं आणि पाकीट दिलं. सगळं सांगितलं, टपालपेटीसमोर उभी राहिले होते तेही, मेथीची जुडीही.

तिनं पत्त्यावरचं अक्षर बघितलं. कार्ड उघडलं. एक पाकळी सुटून तिच्या मांडीवर पडली, ती तिनं बोटाच्या टोकानं उचलून परत आत ठेवली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. मी त्याची तयारी केली होती. ती म्हणाली, "म्हणजे ते वाट बघतच गेले."

"हो."

"आणि त्यांना वाटलं, मी रागात आहे."

मी मान हलवली. ती उठली, बॅग भरली आणि नवऱ्याला म्हणाली, चला, उशीर होतोय.

तिनं संबंध तोडला नाही. मी तोडला होता तसा तिनं नाही तोडला. दर रविवारी फोन करते. बीपीची गोळी घेतली का, गुडघा कसा आहे, गॅस आला का, सगळं विचारते. दिवाळीला येते, एक रात्र राहते. तिला दिवस गेले तेव्हा मी म्हटलं, बाळंतपणाला ये. ती म्हणाली, "इथं सगळी सोय आहे, आई." आवाज शांत होता. मुलगी झाली, बाळंतपण सगळं सासूनं केलं.

मागच्या रविवारी मी फोनवर म्हटलं, "मला माफ केलंस का गं?" पलीकडं तिची पोरगी काहीतरी सांडून हसत होती. थोरलीनं तिला बाजूला घेतलं.

"आई, तसं काही नसतं," ती म्हणाली. "तू जेवून घे."