सोन्याच्या भांड्यावरचे दोन शक

सत्तरच्या दशकातला एक रविवार आज सकाळपासून आठवतोय... सक्करदऱ्याच्या आमच्या घरात तेव्हा चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं.

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी भरतीला न जाता शाळेत मराठी शिकवायची नोकरी धरली, आणि त्याच आठवड्यात त्यांचं ताट तसंच परत जाऊ लागलं. "तुह्यावरच रुसले गा ते," आई म्हणायची. मलाही तेच वाटायचं.

त्यांना खुलवायला मी वाचनालयातून एक परदेशी मासिक आणलं. आत रंगीत फोटो... ओंजळीत मावेल एवढं सोन्याचं भांडं, काळ्या समुद्राकडच्या प्राचीन शकांचं. आपल्या शालिवाहनाच्या गोष्टीतल्या शकांचेच भाऊबंद! त्यावर दाढीवाले योद्धे, अंगरख्याची नक्षीसुद्धा स्पष्ट. मजकूर परक्या लिपीतला, पण माझं कुठे अडत होतं?

दोघे गुडघ्यांवर बसलेले, एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडात. "पाहा बाबा, वैऱ्याचा जबडाच फाडून राहिला!" मी वीररसात सुरू झालो.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

"लढाई कायची गा? दाढ पाहून राहिला थो त्याची. अन् ह्यानं त्याचं मनगट कसं धरलं पाह्य... ठणका मस्तकात गेला का असंच धरते माणूस."

मी मासिकावरून नजर उचलली. बाबांचा डावा गाल चांगलाच सुजला होता. रुसव्याच्या धाकानं मी चार दिवसांत त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं...

"दाढ दुखते का बाबा तुमची?" माझा प्रश्न ऐकून आई आतून कडाडली, "अवो, मंग सांगाले काय झालं होतं? मी पोराले बोल लावून राहिली!"

"फौजी माणूस दाढेपायी रडन का?"

"हा बी फौजीच आहे नं बाबा," मी फोटोवर बोट ठेवलं.

बाबा हसले, लगेच कळवळले... आणि उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून त्यांनी माझ्यासमोर आ केला.

दुसऱ्या दिवशी सायकलवर डबलसीट धरमपेठेत, दातांच्या डॉक्टरकडे. येताना कॅरिअरवरून, गालात कापूस धरून, बाबा म्हणाले, "शाळेत काय शिकवतं तू? म्हन बरं एखादी कविता." घर येईपर्यंत मी म्हणत राहिलो... उतरल्यावर म्हणाले, "आवाज चांगला आहे."

वीरांच्या हाती तलवार सगळेच कलावंत देतात. त्या अनाम सोनारानं एका वीराला दाढदुखी दिली... फार मोठे उपकार आहेत त्याचे माझ्यावर.