काशी झाली, प्रकाशा राहिलं

काशीहून परतलेल्या माणसाला लोक नाही नाही ते विचारतात. गंगेला पाणी किती होतं, पंड्यांनी किती लुबाडलं, माकडांनी काय पळवलं. आमच्या तापीकाठच्या गावांत मात्र म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "प्रकाशा करं का?"

तापीला गोमाई नदी जिथे मिळते, तिथलं हे गाव. काशी करून आलेल्याने तिथे जायचं, संगमावर स्नान करायचं, आणलेल्या गंगाजळातलं थोडं तिथल्या महादेवाला वाहायचं, तेव्हा कुठे काशी पदरात पडते, अशी आमच्याकडची समजूत. मी तेव्हा कोरीटच्या शाळेत मास्तर होतो, वय तिशीच्या आतबाहेर, आणि मला या समजुतीचं हसू यायचं. सगळा देश जिथे लोटतो ते पाहून झाल्यावर बैलगाडीच्या वाटेवरचं एक खेडं काय पाहायचं? पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून समजावून सांगत असे. ती आपल्यालाही लागू पडते हे मला कधी सुचलं नाही.

फुईला काशीला मीच नेलं. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन ती आमच्या घरी परत आली होती. मी तीन वर्षांचा असताना माझी आई गेली आणि त्या दिवसापासून माझं जे काही झालं ते फुईच्या हातून झालं. आईला काशी पाहायची फार हौस होती. ती शेवटच्या घटका मोजत असताना फुईने तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, तुन्हा नावनी काशी मी करसू." नंदुरबारच्या बाजारापलीकडे न गेलेल्या बाईने हा शब्द दिला आणि पंचवीस-सव्वीस वर्षं मनात धरून ठेवला. मला नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा कुठे तिने तो माझ्यापुढे काढला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं निघालो. काशीत काय पाहिलं म्हणाल तर मी पुष्कळ पाहिलं, कारण मी उंच आहे. फुई ठेंगणी. देवळात तिला लोकांच्या पाठी दिसल्या आणि देव म्हणून ओलसर अंधारात फुलांचा एक ढीग दिसला. घाटावर तिला कुणी ना कुणी सारखं ढकलत होतं. आईच्या नावाने बुडी मारून वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. पायऱ्यांवर इकडेतिकडे बघत तिने मला विचारलं, "भाऊ, आठे घडीभर बसाले जागा नही का रे?"

"इथे बसायला कुणी येतं का फुई?" मी म्हणालो. मला गाडीची वेळ दिसत होती. गंगाजळाच्या तांब्याच्या गडूचं तोंड झाळ लावून बंद करून घेतलं आणि आम्ही परत फिरलो.

येताना दोंडाईचा स्टेशन आलं तशी फुई बोचकं उचलून उभी राहिली. "आठेच उतरी जाऊत. आठेतून प्रकाशा जवळ शे." शाळा दोन दिवसांनी उघडणार होती. मी तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि तिला खाली बसवलं. म्हणालो, "प्रकाशा काय पळून चाललंय? घराजवळचं ते. आठ दिवसांत नेतो तुला." ती बसली. गाडी सुटेपर्यंत मात्र तिने फलाटावरची नजर काढली नाही.

गावात बायाबापड्या तिच्या पाया पडायला आल्या. काशी केलेल्या माणसाचे पाय धरले की थोडं पुण्य आपल्याही वाट्याला येतं म्हणतात. फुईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "पाया पडू नका वं. मन्ही काशी अजून पुरी नही." मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. आपण एवढा खटाटोप केला आणि ही बाई चारचौघींत तो अर्धवट ठरवते! गडू देव्हाऱ्यात गेला. काशीहून आल्यावर घालायचं मावंद्याचं जेवणही तिने घालू दिलं नाही.

त्या आठ दिवसांत मी शाळेच्या कामात गुंतलो आणि पुढच्या आठ दिवसांत तापी भरून आली. कोरीट नदीच्या या अंगाला, प्रकाशा त्या अंगाला. पूल तेव्हा नव्हता. पावसाळ्यात होडीवाले होड्या ओढून वर ठेवत आणि वाट बंद होई. "नदी उतरली की जाऊ," मी म्हणालो. हे म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून ते मला फार सोयीचं होतं.

आषाढात बायकोने मला सांगितलं की फुई एकवेळच जेवते. दुपारी एक भाकर, संध्याकाळी नुसतं पाणी. काशीहून आल्या दिवसापासून तिचा हा नेम चालला होता, प्रकाशा होईपर्यंतचा. मी रोज त्याच घरात जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. मी तणतणत फुईकडे गेलो. असले नेम कुठल्या पोथीत सांगितलेत, देवाला तुझ्या भाकरीचं काय पडलंय, वगैरे मास्तरकी केली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मोडी टाकू का मंग?" ती म्हणाली. "नेम तुन्ही मायना नावना शे."

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, हे शाळेतली मुलं ओळखून होती. त्या दिवशी तो शेजारच्या घरापर्यंत गेला असेल. फुई शेंगा निवडत राहिली.

भाद्रपदाच्या अखेरीला नदी ओसरायला लागली. फुईचं मनगट तोवर दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच उरलं होतं. मी अंघोळीला बसलो असताना बायको हळूच म्हणाली, "फुईले आते गाडीना धक्का सोसावनार नहीत. तुम्हीच जा ना गडू लिसन. पूजा करी या, म्हणजे त्या पोटभर जेवतीन."

माझी बायको शाळेत गेलेली नव्हती. मी हसलो. म्हणालो, "एकाने जेवायचं आणि दुसऱ्याने हात धुवायचा, असं कुठे असतं का? यात्रा ज्याची त्यानेच पुरी करायची असते." प्रकाशाला हसणारा मी, त्याच प्रकाशाचे नियम तिला सांगत होतो. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दसऱ्यानंतर होड्या सुरू झाल्या. पण मग कापूस वेचणीला आला, गाडी मोकळी सापडेना. मग शाळेची तपासणी आली. मग एका बैलाला खुरकत झाली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं मी लोकांना सांगत असे. खरं विघ्न एकच होतं आणि ते मी होतो. मला कंटाळा होता. जिथे जाऊन आलो असं चार लोकांत सांगता येणार नाही, तिथे एक दिवस घालवायचा मला कंटाळा होता.

नाहीतर त्याच मार्गशीर्षात मी सारंगखेड्याच्या जत्रेला कसा गेलो? आम्ही दोघं-तिघं मास्तर घोडे बघायला गेलो होतो. घोडा काही कुणी घेणार नव्हतं. तेही तापीकाठचंच गाव, तिथून प्रकाशा काही कोसांवर. निघताना फुई दारात आली. "माले बी ली चाल," ती म्हणाली. त्या गर्दीत तुला कुठे सांभाळू, मी म्हणालो. पौष लागला की खास तुझ्यासाठी गाडी जोडतो. जत्रेत दोन दिवस घोडे पाहिले, जिलबी खाल्ली आणि येताना फुईला एक घोंगडी आणली. तिने ती अंगावर घेतली आणि चांगली ऊब शे म्हणाली. मला बरं वाटलं. इतक्या स्वस्तात मला बरं वाटायचं.

पौषात तिला हिवताप भरला. ताप काही फार मोठा नव्हता, पण त्याला झुंजायला अंगात काही शिल्लक नव्हतं. वैद्याने दूध-पेज द्यायला सांगितली. संध्याकाळची वाटी ती हाताने बाजूला सारी. चौथ्या दिवशी दुपारी तिचा श्वास अडखळायला लागला. शेजारची म्हातारी माझ्यावरच ओरडली, "देखी काय ऱ्हायना? घरमा गंगाजळ शे ना!"

मी देव्हाऱ्यातून गडू काढला आणि अडकित्त्याच्या टोकाने त्याची झाळ फोडायला लागलो. तो आवाज ऐकून फुईने डोळे उघडले. काय चाललंय ते तिला कळलं.

"ते नको," ती म्हणाली. "ते प्रकाशानं शे."

मी ऐकलं नाही. पळीभर पाणी तिच्या ओठांशी नेलं. तिने दात घट्ट मिटले. मी लहानपणी जेवताना असेच दात मिटून बसायचो आणि ती चिमणी-कावळ्याचा घास करून मला भरवायची. मला तसं काही जमलं नाही. मी तिची हनुवटी धरली आणि जोर केला. हे लिहायला मला लाज वाटते, पण मी जोर केला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं आणि घोंगडीत जिरलं. नंतर तासाभरात ती गेली. काशी करून आलेली बाई, उशाशी गंगा, आणि कोरड्या तोंडाने गेली.

अस्थी घेऊन मी प्रकाशाला गेलो. सोबत फोडलेला गडूही घेतला, तोंडाला फडकं बांधून. पहाटे गाडी जोडली, नदीच्या या काठावर सोडली आणि होडीतून पलीकडे उतरलो. एका दिवसात जाऊन येण्यासारखं ते होतं, आणि तेवढ्यासाठी मी सात-आठ महिने लावले होते.

प्रकाशा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. नदी तिथे रुंद होऊन संथ झाली होती. गोमाई बाजूने येऊन गुपचूप तिच्यात मिसळत होती. काठावर काळ्या दगडाची देवळं आणि खाली पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. सगळ्या पायऱ्या मिळून तीन माणसं असतील. एक बाई कपडे धूत होती, एक म्हातारा उन्हात नुसता बसला होता. ढकलणारं कुणी नव्हतं. देवळात गेलो तर महादेव हात लावता येईल इतका जवळ. फुईला इथे हवं तेवढं बसता आलं असतं. मी पायरीवर बसलो आणि रडलो. म्हाताऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

पुजारी साधा माणूस होता. अस्थींचं झाल्यावर त्याने गडूवरचं फडकं सोडलं आणि विचारलं, "झाळ फोडलेली कशी?" मी सगळं सांगितलं. आईची काशी, फुईचा शब्द, एकवेळचं जेवण, भरलेली नदी.

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मग तुम्ही का नाही आलात?" तो म्हणाला. "घरचं कुणीही गडू घेऊन येतं. नाव घेतलं की झाली पूजा. म्हातारी माणसं कुठे एवढी वाट चालणार? आणि यात्रा आईच्या नावाची म्हणता. मग मान तर तुमचाच होता, पोटच्या मुलाचा."

मी मान हलवली. त्याने मला आईचं नाव घ्यायला सांगितलं, ते घेतलं. मग फुईचं घेतलं. उरलेलं पाणी मी पिंडीवर वाहिलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. बायको अंगणात उभी होती. तिने माझ्या हातातला रिकामा गडू घेतला आणि विचारलं, "पुजारी काय बोलना?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने गडूच्या फुटलेल्या काठावरून बोट फिरवलं. मग तिने मोठा श्वास सोडला. "बरं व्हयनं. माले सारखं वाटी ऱ्हायनं व्हतं, तुम्ही एकटा गया असतात तरी चाली जातं. मीच तुमना मांगे लागनी नही, म्हणीसन फुई गई."

मी हं म्हणालो आणि बैल सोडायला गेलो.