अर्जातलं ॲसिड

आखातातल्या या रुवैसमध्ये कुठल्याही कागदावर ‘ॲसिड’ हा शब्द लिहू नये, एवढी अक्कल मला अकरा वर्षांत यायला हवी होती. इथे निम्मं गाव रिफायनरीत कामाला आणि उरलेलं निम्मं त्यांच्या सेफ्टीच्या काळजीत. तरी मराठी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मी हॉलच्या अर्जावर ऐटीत लिहिलं: ‘स्का-ॲसिड, एक तास. घेऊन येणार: दत्तप्रसाद परब.’

शनिवारी पाचला हॉलला कुलूप आणि दारात सेफ्टीचे उमरभाई. ॲसिड किती लिटर आणि डोळे धुवायची सोय कुठे, हे त्यांना लेखी हवं होतं.

दत्तप्रसाद जुना टेपरेकॉर्डर काखेत धरून उभे होते. मूळचे कुडाळचे, इथे परांचीवाल्यांचे फोरमन. सैल क्लॅम्पकडे बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. रविवारी ते कायमचे गावी निघाले होते, म्हणजे हा तास गेला की गेला.

तरुणपणी ते बोटीवर भांडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली होते. इंग्लंडच्या एका बंदरात दुकानदाराने स्का-ॲसिडच्या दोन कॅसेट त्यांच्या हातात कोंबल्या. स्का म्हणजे जमैकाचं संगीत. त्यातली गिटार ठेक्याच्या मधल्या जागेत उचकी लागल्यासारखी वाजते. त्याखाली ॲसिड हाऊस नावाच्या डिस्को-छाप संगीताचं यंत्र, नळात हवा अडकल्यासारखं गुरगुरणारं. या दोघांचा संसार जेमतेम वर्ष-दोन वर्षं टिकला, मग खलास. दत्तप्रसादांनी मात्र तो कॅम्पच्या खोलीत, इअरफोन लावून, तीस-पस्तीस वर्षं चालवला. ते म्हणायचे, हे नाचायचं संगीत आहे आणि यावर नाचताना मी अजून एकही माणूस बघितलेला नाही.

हे ॲसिड म्हणजे संगीत, असं मी परोपरीने सांगितल्यावर उमरभाई शेवटी म्हणाले, “सुनाओ.”

दारातच कॅसेट लागली. गॅसची तपासणी करावी इतक्या गंभीरपणे त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “मशीन खराब है, या गाना ही ऐसा है?”

“गाना,” दत्तप्रसाद म्हणाले.

सही झाली, तेव्हा उरली होती वीस मिनिटं.

आत सगळे व्याख्यानाला बसल्यासारखे बसले. माझी इरा कुजबुजली, “बाबा, व्हेन डझ इट स्टार्ट?” सहा मिनिटं अशीच गेली. दत्तप्रसाद जमिनीकडे बघत होते. मग अनुपमाचा, म्हणजे आमच्या सौ.चा, पाय त्या उचकीवर पडायला लागला. मंगळागौरीची प्रॅक्टिस महिनाभर चालू होतीच. तिने इराचे दोन्ही हात धरले आणि सरळ फुगडी घातली. बघता बघता आठ जोड्या फिरायला लागल्या. दारातले उमरभाईसुद्धा पेनाने ठेका धरून होते. दत्तप्रसाद टेपरेकॉर्डरवर हात ठेवून जोड्या मोजत होते. मोजून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

टेप थांबल्यावर मी लगबगीने जाऊन म्हणालो, “दत्तप्रसादजी, काय रंगलं हो! एकूण एक माणूस नाचलं.”

कॅसेट काढत ते म्हणाले, “तुमी खय नाचलात?”